भागाबाईच्या झाडाची माती

उरकुडेबाई कोणतीही वस्तू आधी तोंडात टाकायच्या आणि मग तिचं नाव विचारायच्या. पान, शेंग, साल, डिंक, काहीही. एकदा कडू भोपळ्याची बी चावली आणि दुपारपर्यंत थुंकत होत्या, तरी सवय गेली नाही. आम्ही बाया त्यांना म्हणायचो, "बाई, एखाद्या दिवशी विख खासान." त्या म्हणायच्या, "खाईन, पन चव तुम्हाले सांगूनच मरीन."

आमच्या गावी पहिल्यांदा आल्या तेव्हाही तेच. गाव आरमोरीपासून आत, जंगलाला लागून. मोहाचे दिवस होते. जीपमधून उतरून त्या सरळ आमच्या अंगणात आल्या. माझी सासू भागाबाई वाळत घातलेली मोहफुलं हाताने पसरत होती. बाईंनी बूट बाहेर काढले, वाकून एक फूल उचललं आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"माती आहे," म्हणाल्या.

सासू वर न पाहता म्हणाली, "मातीत वाळते तं मातीच लागन. सोनं लागन का?"

बाई मोठ्याने हसल्या. त्यांचं हसणं अंगाच्या मानाने फार मोठं होतं. बांधा ठेंगणा, रुंद. पिकलेले केस घट्ट बांधलेले. लुगड्याखाली कापडी बूट. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी लाल दोऱ्यात ओवलेलं भिंग. म्हाताऱ्या बाया भिंगाकडे पाहून विचारायच्या, "हे कोनत्या घरचं मंगळसूत्र जी?" त्या म्हणायच्या, "माझ्याच घरचं." यापुढे त्यांच्या लग्नाबद्दल कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घर ब्रह्मपुरीला आहे, वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत त्या काम करतात, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

संशोधन म्हणजे काय, ते त्यांनी आम्हाला वाटीभर पाण्यात दाखवलं. शाळेच्या ओसरीत सगळ्या बायांना बसवलं. प्रत्येकीने घरून मूठभर मोहफुलं आणायची होती. पाणी भरलेल्या स्टीलच्या वाट्या पुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "टाका आपापली फुलं. ढवळा. आता हात बाजूला घ्या." पाणी स्थिर झालं. तळाशी राख, रेती, जळक्या पाल्याचे तुकडे बसले.

"हे व्यापारी पाहतो, म्हणून दारूवाल्याच्या भावात घेतो," त्या म्हणाल्या. "मोहाचे लाडू होतेत, पाक होतो, बिस्किट होते. पन मातीचं बिस्किट कोन खाईन?"

एकजण म्हणाली, "आमी तं जनमभर खाल्ले. काई झालं नाई."

"कशावरून?" बाई म्हणाल्या.

हा त्यांचा शब्द. दिवसातून किती वेळा म्हणत असतील, देव जाणे. सासू म्हणायची, उद्या फूल जास्त पडन. "कशावरून?" रात्री गार होतं म्हणून, सासू सांगायची. मग दुसऱ्या दिवशी बाई मुद्दाम सांगायला यायच्या, "भागाबाई, नाई पडलं जास्त." कधी "पडलं बरं का" असंही सांगायच्या, पण सासूला पहिलंच लक्षात राहायचं. ती चिडून म्हणायची, "तुमच्यासंग बोलनं म्हंजे कोर्टात उभं राहनं." बाईंना याचा राग येत नसे. त्यांना राग यायचा तो फक्त एका शब्दाचा. शेडमध्ये कोणी 'अंदाजे' म्हटलं की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या आणि काटा पुढे सरकवायच्या.

शेड म्हणजे शाळेमागे उभारलेला प्लास्टिकच्या छताचा मांडव. आत जाळीच्या तळाचे ट्रे. जमिनीवर न पसरता ट्रेमध्ये फुलं वाळवायची, रंग कसा येतो, बुरशी धरते का, किती महिने टिकतात, ते पाहायचं. गावातल्या बायांना तिथे काम मिळालं. मलाही. बाईंनी मला विचारलं होतं, "शिकली किती?" मी म्हटलं, चौथी. "मंग काटा वाचशील." काटा वाचता येत होता, पण वाचलेलं मोठ्याने सांगायचं होतं, आणि चार लोकांसमोर माझा आवाज फुटत नव्हता. पहिल्या दिवशी मी नुसती उभीच. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्ची फिरवून पाठ करून बसल्या. "आता सांग. मी पाहून नाई राह्यली." तेव्हापासून वजनाच्या वेळी त्या माझ्याकडे पाठ करूनच बसायच्या. याबद्दल एक शब्दही कधी बोलल्या नाहीत.

एकदा मोहाच्या वासावर एक हवालदार शेडमध्ये शिरला. त्याला वाटलं, इथे दारूची तयारी चालली आहे. "कोनाचा माल आहे?" असं त्याने दरडावून विचारलं. बाई म्हणाल्या, "माझा. आधी हात धुवा." तो गोंधळला आणि खरंच हात धुऊन आला. बाईंनी त्याच्यापुढे एक ट्रे ठेवला. फुलाच्या आत बारीक तुरे असतात, ते काढून टाकले तर लाडू कडवट होत नाही. "हे तुरे काढा. बसा."

"बाई, मी चौकशीसाठी आलो."

"मंग चौकशी करा नं. हातानं काम करा, तोंडानं चौकशी करा."

तो अर्धा ट्रे निवडून, दोन लाडू खाऊन गेला. जाताना म्हणाला, "पन याची दारू होते, हे तं खरं."

"साखरेचीबी होते. किराणा दुकानात जाऊन बसता का?"

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाई मात्र हसल्या नाहीत, त्यांचं लक्ष त्याने निवडलेल्या फुलांकडे होतं. "चांगलं निवडलं याने," म्हणाल्या.

आता त्या हंगामाबद्दल लिहिते.

आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटून आलेली आहेत. जंगलात उभी असली तरी हे झाड कोणाचं, ते कोणाचं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. झाडांना नावंही असतात. आमच्या झाडाचं नाव थोरली. सासू लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूने तिला हात धरून नेऊन ते दाखवलं होतं. फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे पहाटे पडलेलं फूल काळ्या जमिनीवर दिसतं. त्याच आगीचे वणवे होतात, आणि तीच राख फुलांना लागते.

बाईंचं म्हणणं असं की झाडाखाली जाळी बांधली तर फूल वरच्या वर झेललं जाईल, पाला जाळायला नको आणि मातीही नको. पण नुसतं म्हणून संस्थेला चालत नव्हतं. फरक मोजून दाखवायचा होता. म्हणून काही झाडांखाली जाळी आणि काही झाडांखाली नेहमीसारखी जमीन, असं ठरलं. संस्थेने बाईंना सांगून ठेवलं होतं की या हंगामात फरक स्पष्ट दिसला तर शेड कायम ठेवू, नाही तर दुसरीकडे नेऊ. बाईंनी हे आमच्यापासून लपवलं नाही. सगळ्यांना बसवून सांगितलं. बाईंच्या नोकरीचाही तो शेवटचा हंगाम होता.

कोणत्या झाडाला जाळी मिळेल, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. थोरलीची चिठ्ठी निघाली जमिनीची. शेजारच्या, गेल्याच काही वर्षांत फुलायला लागलेल्या झाडाला जाळी मिळाली.

सासू म्हणाली, "बाई, हे काय झालं जी? लहानीले जाळी नि थोरलीले काईच नाई?"

"चिठ्ठी निघाली ना भागाबाई. माझ्या हातात काय आहे?"

"चिठ्ठी तुमीच तं लिवल्या."

बाईंनी समजावलं. जमिनीच्या झाडांखाली नेहमीसारखाच पाला जाळायचा, नेहमीसारखंच वेचायचं. यावर तर सगळ्याच हसल्या. "वर्षभर जाळू नका, जाळू नका म्हनता, नि आता जाळा म्हनता!" पाला जाळला त्या दिवशी बाई स्वतः हिरवी फांदी घेऊन उभ्या राहिल्या आणि आग आखलेल्या जागेबाहेर सरकली की झोडपत राहिल्या. तोंड धुराने काळं झालं होतं.

मोह पडू लागला. बाई पहिल्या जीपने यायच्या तोवर फुलं वेचून झालेली असायची. जमिनीच्या झाडांकडे त्या मुद्दाम जात नसत. आपण समोर असलो तर बाया नेहमीसारख्या वागणार नाहीत, असं म्हणायच्या. मी जाळीच्या झाडांकडे असायची. सासू आमच्याआधी उठून थोरलीकडे जायची.

मोह सरत आला तेव्हा एका सकाळी बाईंनी पहिल्यांदा थोरलीची फुलं वाटीत टाकली. ढवळली. पाणी स्वच्छ. त्यांनी दुसरी वाटी घेतली, जमिनीच्याच दुसऱ्या झाडाची फुलं टाकली. तेही स्वच्छ. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पाहत राहिल्या. मग सासूला बोलावलं.

"भागाबाई, पाला जाळला होता ना?"

"जाळला जी. तुमच्यापुढंच तं जाळला."

"मंग राख कुठी आहे? हे फूल जमिनीवर पडलंच नाई."

सासू ओठ दाबून हसत होती. मागे उभ्या असलेल्या बायाही एकमेकींना कोपर मारत होत्या. शेवटी सासूला राहवलं नाही.

"लुगडं टाकलं जी."

"काय?"

"माझं लुगडं. जुनं नऊवारी, धुतलेलं. पहाटे थोरलीखाली हातरतो, फूल पडलं का गोळा करून उचलतो. शेजारच्या झाडाले हिरवी जाळी, नि माझ्या झाडाले उघडी जमीन? येनारे-जानारे पाहून राह्यले. मी थोरलीले तसं कसं ठेवू?"

"नि बाकीच्याईनं?"

"त्याईनंबी टाकलं. त्याईचे झाडं का पोरके आहेत?" मग सासू जरा जवळ येऊन म्हणाली, "नि बाई, तुमचा कागद चांगला आला पायजे ना. सगळ्याच झाडाईचे फुलं साफ निंगाले, तं तुमचंच नाव होईन."

बाई उलट्या घातलेल्या टोपलीवर बसल्या. बायांचं हसणं आपोआप थांबलं. मग बाईंनी मला अंगणातली मूठभर माती आणायला सांगितली, एका वाटीत टाकली आणि ती गढूळ वाटी स्वच्छ वाटीशेजारी ठेवली.

"हे पाहा भागाबाई. ही गढूळ वाटी आहे, म्हणून ही साफ दिसते. ही गढूळ वाटीच नसली, तं जाळीनं फूल साफ झालं, हे कशावरून? मले विचारतील, जाळी न बांधताबी साफच आहे, मंग जाळी कायले पायजे? शेड कायले पायजे?"

सासू वाट्यांकडे पाहत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला. "म्हंजे आमी तुमचं काम बुडवलं?"

"तुमी वाईट नाई केलं. पन माझ्यापाशी आता दाखवाले काई उरलं नाई."

सासू एकदम म्हणाली, "मंग आता कालवतो जी माती. किती पायजे ते सांगा. मूठ-मूठ सगळ्याईत कालवून देतो."

बाई हसू लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदराने पुसलं. ते सगळंच हसण्याचं होतं असं मला वाटलं नाही. म्हणाल्या, "नाई जी भागाबाई. झाडाखालची माती वेगळी, तुमच्या हातची वेगळी."

त्याच आठवड्यात संस्थेतले एक तरुण साहेब पाहायला आले. वाईट माणूस नव्हते. बाईंना ते फार मानायचे. सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मागच्या हंगामातले जमिनीच्या फुलांचे आकडे आहेत ना आपल्याकडे? तेच घालून टाकू. खोटं थोडंच आहे? दरवर्षी तेवढीच माती असते. तुमचं शेवटचं काम आहे, आणि या बायांचं शेडही वाचेल."

आम्ही सगळ्या ऐकत होतो. खरं सांगायचं तर प्रत्येकीला वाटत होतं की बाईंनी हो म्हणावं.

बाई म्हणाल्या, "तुम्ही नि भागाबाई एकाच गावचे दिसता. त्या माती कालवतो म्हणाल्या, तुम्ही आकडे कालवून राह्यले. त्यांची माती तरी खरी होती."

बाईंनी जे झालं तेच लिहून दिलं: जमिनीच्या झाडांखाली बायांनी आपणहून लुगडी अंथरली, त्यामुळे तुलना होऊ शकली नाही.

पावसाळ्याआधी ट्रक आला. ट्रे, खांब, छत, सगळं भरून नेलं. मांडवाचे खड्डे तेवढे राहिले. सासू त्या दिवशी घराबाहेर पडली नाही. दोन-तीन बाया तिला टोमणे मारायच्या, "तुझ्या लुगड्यानं शेड गुंडाळून नेलं." जिने हे म्हटलं तिनेही लुगडं टाकलं होतं, पण सासूने उलट उत्तर दिलं नाही. ती आधी कधी अशी गप्प राहिलेली मी पाहिली नव्हती.

पुढच्या मोहाच्या आधी बाई आल्या. नोकरी संपली होती. ब्रह्मपुरीहून आरमोरीपर्यंत एस.टी.ने आल्या, तिथून पुढे काळीपिवळी जीपने, लोकांच्या मांडीला मांडी लावून. हातात एका कापडी पिशवीत काटा, दुसरीत जुन्या जाळ्या. आमच्याच घरी उतरल्या. सासूसमोर बसून म्हणाल्या, "भागाबाई, तुम्ही मागच्या वर्षी एक गोष्ट दाखवली. जाळी नसली तरी लुगडं चालते. पन चालते हे कशावरून? यंदा तीन तऱ्हा करू. जाळी, लुगडं, जमीन. संस्था नाई, साहेब नाई. करता का?"

सासू म्हणाली, "नि थोरली?"

"चिठ्ठी निघन तसं."

गावाने पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. या वेळी बाईंनी त्या सासूलाच उचलायला लावल्या. थोरलीची चिठ्ठी सासूने उचलली आणि वाचायला माझ्याकडे दिली. मी उघडली. जमीन. मला ते म्हणवेना. सगळ्या बाया बाईंकडे पाहू लागल्या. एका चिठ्ठीची अदलाबदल केली असती तर कोणाचं काही गेलं नसतं. बाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यांनाही दुसरी चिठ्ठी हवी होती. पण त्यांनी खुर्चीवरच पाठ फिरवली आणि म्हणाल्या, "सांग."

मी सांगितलं, "जमीन."

सासू उठली. पदर खोचला. "जमीन तं जमीन," म्हणाली.

त्या हंगामात सासू रोज पहाटे थोरलीखाली जाऊन बसायची. वेचायला नंतर सुरुवात करायची, आधी राखण. कोणी मायेपोटी कापड टाकू नये म्हणून. तिच्याच बहिणीची सून एकदा जुनी चादर घेऊन आली, तर तिला सासूने असं हाकललं की ती पुन्हा तिकडे फिरकली नाही. वारा सुटायचा, धूळ उडायची, फुलं राखेत पडायची, आणि सासू ती तशीच उचलून टोपलीत टाकायची. घरी आली की हात धूत बसायची. एकदा म्हणाली, "पोराले चिखलात लोळवल्यासारखं वाटते." पण थांबली नाही.

हंगाम संपला तेव्हा बाईंनी आमच्या ओसरीत सगळ्यांची वजनं घेतली. फुलं धुवायची, तळाची माती वाळवायची, तोलायची. मी काटा वाचत होती, बाई पाठ करून लिहीत होत्या. जाळीच्या फुलांत माती जवळजवळ नव्हती. लुगड्याच्या फुलांत अगदी थोडी. जमिनीच्या फुलांत भरपूर. आणि सगळ्यात जास्त थोरलीच्या.

सासू सगळ्यांच्या पुढे सरकून बसली होती. मी वजन सांगितलं तसं तिने विचारलं, "माझीच जास्त का जी?"

"तुमचीच भागाबाई. कोनाची एवढी नाई."

सासूने मागे वळून बायांकडे पाहिलं. जिने शेडवरून टोमणा मारला होता तिच्याकडे जरा जास्त वेळ. "ऐकलं का? गावात सगळ्यात घान फूल माझ्या थोरलीचं." आणि ती हे पुढे कित्येक दिवस सांगत फिरली, पाहुण्यांनासुद्धा.

ते आकडे बाईंनी त्याच तरुण साहेबांना नेऊन दिले. पुढे काय कसं फिरलं ते मला माहीत नाही. दुसऱ्या वर्षी शेड परत आलं, पहिल्यापेक्षा लहान. आणि गावात आता बहुतेक घरी जुनी लुगडी मोहासाठी वेगळी धुऊन ठेवतात. पाला जाळणं पुष्कळ कमी झालं. बाई मात्र त्यानंतर आल्या नाहीत. गुडघे धरले होते. मग एका पावसाळ्यात त्या गेल्याचं कळलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हंगामाच्या शेवटी, रस्त्यावर. काळीपिवळी आधीच भरलेली होती. बाईंसोबत न धुतलेल्या फुलांच्या तीन पिशव्या होत्या, तिन्ही तऱ्हांच्या, पुढच्या तपासणीसाठी. सासू मला घेऊन पोचवायला आली होती. ड्रायव्हरने पिशव्या टपावर टाकायला घेतल्या. दोन त्यांनी जाऊ दिल्या. तिसरी थोरलीची, राखेने काळी पडलेली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, हे तं कचरा दिसते, हेबी वरच टाकतो."

"हात नको लावू," बाई म्हणाल्या.

आत दाटीत त्या कशाबशा शिरल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि तिचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या. गाडी निघाली तेव्हा त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रस्ता खड्ड्यांचा होता, आणि त्यांचं सगळं लक्ष त्यातली माती सांडणार नाही याकडे होतं.